आईला घेऊन इराण्याच्या हॉटेलात

हॉटेलात खाणे म्हणजे पैशाची नासाडी, हे ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. घरात डाळ-भात शिजलेला असताना बाहेर कशाला खायचे, असे वडील म्हणत. गिरणीच्या पगारात सगळ्या घराची तोंडमिळवणी करणाऱ्या माणसाने दुसरे काय म्हणावे? पुढे आम्ही नोकरीला लागलो, सामाजिक कामात पडलो, तेव्हा हॉटेलाशी संबंध आला तो सभा संपल्यावरच्या कटिंग चहापुरता. तोही कार्यकर्त्यांबरोबर. घरची माणसे घरीच.

गेल्या वर्षी एके दिवशी मुलांच्या आईने आम्हाला सरळ विचारले, "सगळ्या वस्तीच्या सहली काढता, शिबिरे भरवता. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कधी कुठे नेले का?" प्रश्न रास्त होता आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्याच रात्री वहीत लिहून टाकले : महिन्याचा शेवटचा रविवार घरच्यांचा. सकाळी विहारात वंदना करायची, मग आई, आम्ही दोघे आणि दोन्ही मुले अशा पाचही जणांनी निघायचे. मुंबईचा एखादा भाग पायी हिंडून पाहायचा आणि तिथल्याच एखाद्या जुन्या हॉटेलात बसून काहीतरी खायचे. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पेशाने कारकून, तेव्हा अंदाजपत्रक आलेच. रेल्वेभाडे धरून पाचशे रुपये, वर एक रुपया नाही. एखाद्या महिन्यात शिल्लक राहिली तर ती पुढच्या महिन्यात ओढायची.

वाचक बंधू-भगिनींनो, ही हकीकत चैनीची म्हणून सांगत नाही. या सहलींमध्ये आमच्याच घरातली एक गोष्ट आम्हाला कळली, जी चाळीस वर्षे एका छपराखाली राहूनही कळली नव्हती. ती आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात असेल, म्हणून हा लेख.

पहिली सहल धोबी तलावाची ठरली. इराण्याचेच हॉटेल का, असे मुलीने विचारले. त्याला कारण आहे. फोर्टात सिद्धार्थ महाविद्यालयात बी.कॉम. करत असताना खिशात एका चहापुरते पैसे असत. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. दिवसा नोकरी करणाऱ्या गरिबाच्या मुलालाही पदवी घेता यावी, हा त्यामागचा हेतू. अशाच मुलांपैकी आम्ही एक. तास संपल्यावर अभ्यासाला जागा कुठली? जवळपासच्या इराण्याकडे एक चहा मागवायचा आणि कोपऱ्यातल्या टेबलावर हिशेबाची वही उघडायची. तासभर बसले तरी कोणी उठवत नसे. कोण, कुठला, आडनाव काय, हे गल्ल्यावरच्या शेटने कधी विचारले नाही.

हे इराणी लोक मूळचे इराणमधल्या यझ्द आणि केरमान या भागांतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला दुष्काळ, गरिबी व छळ यांना कंटाळून ते मुंबईत आले. त्यांत बहुतेक झरथुष्ट्राचे अनुयायी, काही मुसलमान. कोपऱ्यावरची दुकाने इतर व्यापारी अशुभ मानून घेत नसत, ती यांनी घेतली, असे जुने लोक सांगतात. त्यामुळे इराण्याचे हॉटेल बहुधा नाक्यावर, दोन रस्त्यांना दोन दारे असलेले. एकेकाळी ती मुंबईत शेकड्यांनी होती. गिरणी कामगार, टॅक्सीवाले, विद्यार्थी, बेकार, सगळ्यांचा तो दिवाणखाना. आता मोजकीच उरली आहेत. जागेचे भाव चढले, पुढची पिढी दुसऱ्या व्यवसायांत गेली आणि एका चहावर तासभर बसणारे गिऱ्हाईक परवडेनासे झाले.

पण आई यायलाच तयार नव्हती. "मी न्हाई यायची. हाटेल म्हंजी बाप्यांचं काम. तुमी जावा, मी हाय घरी." धाकट्याने लकडा लावला. आजी आली नाही तर मीही नाही, म्हणून तो दारातच बसला. तेव्हा कुठे आईने पांढरी साडी नेसली आणि चपला घातल्या.

विक्रोळीहून गाडी पकडून आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. महापालिकेची इमारत मुलांना बाहेरून दाखवली. आझाद मैदानाच्या कडेने, सेंट झेवियर कॉलेजवरून हळूहळू चालत मेट्रो सिनेमाच्या चौकात आलो. या मैदानावर आईने कितीतरी मोर्चे पाहिलेले. "हितं आपुन बसलो व्हतो," म्हणून तिनेच मुलांना जागा दाखवली. मेट्रोच्या समोर जेर महाल नावाची जुनी चाळवजा इमारत आहे. तिच्या तळाशी कयानी अँड कंपनी. हे हॉटेल १९०४ सालचे. म्हणजे बाबासाहेब मॅट्रिक झाले त्याच्या आधीचे.

आत उंच छत, वर पंखे, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, टेबलावर चौकड्यांचे कापड आणि त्यावर काच. दाराशी काचेच्या बरण्यांत नानकटाई आणि बिस्किटे, कपाटात मावा केक. आम्ही चहा, बन मस्का आणि मुलांसाठी मावा केक मागवला. ब्रून मस्काही एक घेतला. ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव. तो चहात बुडवल्याशिवाय खायचा नसतो, नाहीतर टाळू सोलते. आईला दात कमी, तिने बन घेतला. चहाला "आलं न्हाई घातलेलं," असा शेरा मारला, पण सगळा प्याली.

चहा संपला. आईने आपला कप बशीसकट उचलला, उभी राहिली आणि इकडे-तिकडे पाहत म्हणाली, "आरं, मोरी कुठं हाय?"

आम्हाला वाटले हात धुवायचे असतील. पण ती कप घेऊनच निघाली. टेबल पुसणारा पोऱ्या धावत आला. "अम्मा, रहने दो, वो हमारा काम है," असे म्हणत त्याने कप हातातून घेतला. आई ओशाळून खाली बसली. मुलगी हसू लागली. "आजी, हॉटेलात कप आपण धुवायचा नसतो!"

आई कोणाच्याही घरी चहा प्याली की कप विसळूनच ठेवते. लग्नघरी, सभेत, दवाखान्यात नर्सबाईंनी दिला तरी. आम्ही आजवर कौतुकाने सांगत आलो की आमची आई फार स्वच्छ. त्या दिवशी घरी आल्यावर मुलीने विषय सोडला नाही. मग आई बोलली.

आईचे माहेर सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात. ती आठ-नऊ वर्षांची असताना बाजाराच्या दिवशी तिचे वडील तिला बरोबर नेत. बाजारपेठेत चहाचे हॉटेल होते. आत बाकडी. आपल्या माणसांनी आत जायचे नाही. बाहेर कट्ट्याच्या कडेला कान तुटलेले दोन-तीन कप पालथे घातलेले असत. त्यांतला एक आपणच उचलायचा, पुढे धरायचा. मालकाचा पोऱ्या वरून चहा ओतायचा. पिऊन झाले की आपणच विसळायचा आणि होता तसा पालथा ठेवायचा. पैसे कट्ट्यावर ठेवायचे.

"येकदा मी ध्यान न्हाई दिलं," आई म्हणाली. "कप तसाच ठिवला. आन् आमी निघालो. मालकानं मागनं हाळी घातली. चार मान्सांत माज्या बाला शिव्या दिल्या. बा कायबी बोलला न्हाई. परत फिरला, कप इसाळला, पालथा घातला. वाटंनं घरापत्तोर माज्याशी येक सबुद बोलला न्हाई. तवापास्नं कप म्हागं ठिवत न्हाई मी."

खोलीत कोणी काही बोलेना. मुलगी उठून आजीजवळ जाऊन बसली.

आम्ही हिशेब केला. आईचे वय आता पंचाहत्तरीचे. म्हणजे ही गोष्ट १९५८-५९ ची. राज्यघटना २६ जानेवारी १९५० ला अमलात आली होती. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांत जातीवरून कोणालाही अटकाव करता येणार नाही, असे स्वच्छ लिहिलेले होते. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली होती. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला होता, ज्याचे नाव पुढे १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली होती. हे सगळे होऊनही खटाव तालुक्यातल्या त्या कट्ट्यावर कप पालथाच होता. आणि साठ-पासष्ट वर्षांनी तो धोबी तलावाच्या संगमरवरी मजल्यावर आमच्या आईच्या हातात आला.

सार्वजनिक उपाहारगृह हा शब्द घटनेत का घातला असेल, असे पूर्वी आम्हाला वाटे. रोटी आणि नोकरी सोडून हॉटेलाचे काय एवढे? आता वाटत नाही. ज्यांनी ती घटना घडवली त्यांना तहान काय असते हे ठाऊक होते. १९०१ साली बालवयातले भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. वडील तेव्हा याच खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला होते. मसूर स्टेशनावर उतरल्यापासून गाडीवान मिळण्याची मारामार, आणि रात्रभर बरोबर जेवण असूनही पाणी नाही, म्हणून मुले उपाशी निजली. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या त्याच माणसाला बडोद्यात राहायला हॉटेल मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला. काही दिवसांनी काठ्या घेतलेली मंडळी दाराशी आली आणि त्यांना बाहेर काढले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. इराण्याचे कौतुक करताना ही बाजूही मुलांना सांगितली पाहिजे, म्हणून सांगितली. एकाच धर्माच्या माणसांत काठी घेऊन येणारे होते आणि न विचारता चहा देणारेही होते.

त्याच रात्री मुलांना दुसरी गोष्ट सांगितली, कोल्हापूरची. गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत नोकर होते. पाण्याला शिवल्यावरून इतर नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत दिली. त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. नाव सत्यसुधारक. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा स्वतः छत्रपती आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवू लागले, चहा मागवू लागले आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजू लागले. राजाने घेतलेला चहा नको म्हणायची कोणाची छाती? हा चहा घोटभरच, पण पुष्कळ व्याख्यानांनी झाले नसते ते त्याने केले.

दुसऱ्या महिन्यात दादर. दादर आपल्याला चैत्यभूमीमुळे ठाऊक. सहा डिसेंबरला आपण तिथे येतो, रांगेत उभे राहतो, पुस्तके घेतो, संस्थांनी वाटलेले अन्न खातो आणि गाडी पकडून परत जातो. त्याच दादरच्या हॉटेलांत मात्र आपली किती कुटुंबे बसली असतील? स्टेशनजवळ मामा काणे यांचे स्वच्छ उपाहारगृह आहे, ते १९१० पासूनचे. तिथला बटाटेवडा प्रसिद्ध. शिवसेना भवनाजवळचे आस्वाद १९८६ सालचे. त्यांच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका संस्थेने जगातला उत्तम शाकाहारी पदार्थ ठरवले होते. स्टेशनबाहेरच्या गाडीवर १९६६ साली अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली आणि मुंबईच्या कामकरी माणसाचे जेवण जन्माला आले, असे सांगतात.

त्या भागातल्याच एका उपाहारगृहात आम्ही बसलो. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष हॉटेलाचा नव्हता. गर्दीमुळे टेबलावर एक वयस्कर गृहस्थ येऊन बसले. बोलके होते. मुलीला इयत्ता विचारली, शाबासकी दिली. मग आमच्याकडे वळून, "आडनाव काय आपले?" आम्ही सांगितले. "अच्छा," म्हणाले, आणि त्यांचे बोलणे संपले. वर्तमानपत्र उघडून त्यांनी मध्ये धरले. कोथिंबीर वडी अर्धी टाकून उठले.

पूर्वी आम्ही भांडलो असतो. त्या दिवशी नाही भांडलो. धाकटा सगळे पाहत होता. तो म्हणाला, "पप्पा, त्यांची वडी राहिली." आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्येंच्या नशिबात न्हाई." आणि तिने पियूषचा पेला पुढे ओढला. आम्ही मुलांना एवढेच सांगितले की उठून तो माणूस गेला, आपण नाही. पूर्वी उठावे लागे ते आपल्याला.

आईने त्या दिवशी भिंतीवरचा फलक नातीकडून वाचून घेतला. थालीपीठ, साबुदाणा वडा, मिसळ, खरवस. सगळे ऐकून विचारले, "सुकटीची चटणी न्हाई का?" मुले पोट धरून हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मराठी जेवण म्हणून ज्या पाट्या लागतात, त्यांत आपल्या घरांतले किती पदार्थ असतात? वजडी, चान्या, हुलग्याचे माडगे, तांदळाच्या कण्या या पदार्थांवर आपल्या पिढ्या जगल्या, पण ते कुठल्या फलकावर नाहीत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतले हे जेवण लिहून ठेवले, तेव्हा कुठे ते कागदावर आले. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी तिच्याकडून लिहून घ्यावे. आमच्या मुलीने वही घातली आहे.

तिसरा रविवार माटुंग्याचा. त्या दिवशी आधी हिंदू कॉलनीत राजगृहाला गेलो. बाबासाहेबांनी ही वास्तू पुस्तकांसाठी बांधली, हे मुलांना पाठ आहे, पण स्वतः पायरी चढण्यात वेगळेच असते. तिथून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने सरळ उत्तरेला चालत गेले की किंग्ज सर्कलचे महेश्वरी उद्यान लागते. हा भाग दक्षिणेतून आलेल्या लोकांचा. फुलांच्या वेण्या, केळीची पाने, दळलेल्या कॉफीचा वास. उद्यानाजवळ १९३२ सालचा कूलर नावाचा इराणी आणि १९४० सालचे कॅफे मद्रास. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनसमोर पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, ते १९४२ सालचे. दोन महिन्यांची शिल्लक होती, म्हणून तिथे केळीच्या पानावर जेवायचे ठरवले.

उडुपी हॉटेलांची कहाणी मुलांना जिना चढता चढता सांगितली. उडुपीच्या मठांतल्या आणि घरांतल्या स्वयंपाक्यांनी गावोगाव ही हॉटेले काढली, स्वस्त आणि स्वच्छ जेवण दिले, हे त्यांचे श्रेय. पण सोवळेही त्यांच्याबरोबर आले. मद्रास शहरात तर ब्राह्मण हॉटेल अशा पाट्या राजरोस असत. त्या पाटीतला ब्राह्मण शब्द काढायला लावण्यासाठी पेरियार रामसामी यांनी १९५७ साली आंदोलन केले, शेकडो कार्यकर्ते तुरुंगात गेले.

आत जेवताना आई पुन्हा अवघडली. पान समोर आल्यावर तिने ते जरासे आपल्याकडे ओढून घेतले आणि वाट पाहू लागली. गावच्या लग्नात आपली पंगत शेवटी, लांब, उकिरड्याच्या अंगाला बसे, हे तिनेच पूर्वी सांगितले होते. वाढपी आला. आई कडेला बसलेली, म्हणून पहिला भात तिच्याच पानावर पडला. मग आमच्या, मग पलीकडे बसलेल्या अनोळखी कुटुंबाच्या. त्याच पातेल्यातला, त्याच पळीने. आईने एकदा त्यांच्या पानाकडे पाहिले, एकदा आपल्या. रसम दोनदा मागून घेतले.

चौथा रविवार परळ-लालबागचा, आमच्या स्वतःच्या जुन्या मुलखाचा. पोयबावडीला बी.आय.टी. चाळ बाहेरून पाहिली. १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे बाबासाहेब तिथे राहिले. वडिलांची गिरणी होती तिथे आता काचेचा मनोरा उभा आहे. लालबागला भारतमाता सिनेमाजवळ मिसळ आणि कोथिंबीर वडी खाल्ली, पण मन खाण्यात नव्हते. आई लग्न होऊन येण्यापूर्वी वडील इथेच एका बाईच्या खानावळीत जेवत. दहा बाय बाराच्या खोलीत ती माउली तीस-तीस गिरणी कामगारांना पाळीपाळीने जेवू घाली. अशा खानावळवाल्या बायांना सावकाराच्या तोंडातून सोडवून बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बरोबर खानावळींचीही चूल थंडावली.

गिरणीतही कप होताच, वेगळ्या रूपात. कापड विणण्याच्या खात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसाला तिथे घेत नसत. कारण धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडचे सूत दुसऱ्याच्या तोंडाला लागेल, म्हणून मज्जाव. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर धसास लावला. कामगारांची एकी सांगणाऱ्यांनाही तोंडाचा विटाळ सुटत नव्हता. कप काय, धोटा काय, गोष्ट एकच.

आतापर्यंत आमच्या सात सहली झाल्या. ज्यांना निघायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी अनुभवाच्या सांगतो. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, तो आदल्या दिवशी पाहून ठेवावा. फोर्टातली काही जुनी हॉटेले रविवारी बंद असतात, तेव्हा आधी चौकशी करावी. दर दाराशी किंवा फलकावर वाचूनच बसावे, त्यात कमीपणा काही नाही. पाच माणसांत तीन पदार्थ वाटून खावेत, म्हणजे चवही कळते आणि खिसाही फाटत नाही. दोन वेळच्या दारूच्या पैशात एका कुटुंबाची सहल होते, हा हिशेब वस्तीतल्या तरुणांना आम्ही मांडून दाखवला आहे. दोघांनी तरी तो मनावर घेतला. आणि मुख्य म्हणजे म्हातारी माणसे बरोबर न्यावीत. मुले काय, मोठी झाली की आपापली जातील. म्हाताऱ्यांना हा हक्क मिळून सत्तर-पंचाहत्तर वर्षे झाली, पण तो वापरायला त्यांना कोणी नेलेच नाही.

आणखी एक. गिऱ्हाईक म्हणून टेबलाशी बसणे ही पहिली पायरी. गंगाराम कांबळे त्या काळात गल्ल्यावर बसले. आज आपल्यातले कोणी चहाची टपरी, पोळी-भाजी केंद्र, खानावळ काढत असेल, तर आपण सहकुटुंब जाऊन तिथे बसले पाहिजे. आपल्याजवळ छत्रपतींची गाडी नाही, पण पाच माणसांचे घर तर आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा धोबी तलावाला गेलो. या वेळी आईनेच सुचवले. जागाही तिनेच निवडली, पंख्याखालची. चहा झाला. तिचा हात सवयीने कपाकडे गेला आणि कपावरच थांबला. आम्ही सगळे पाहत होतो, पण कोणी काही बोललो नाही. तिने नातीला हळूच विचारले, "ह्यो कप आन् त्या साह्यबाचा कप येकाच पिपात धुत्यात व्हय गं?"

"हो आजी, एकाच."

"मंग ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. कप टेबलावर ठेवून ती उठली आणि दाराकडे चालू लागली. पैसे द्यायला आम्ही गल्ल्यावर गेलो. मागे वळून पाहिले तर पोऱ्या सगळे कप एकात एक घालून आत नेत होता. त्यात आईचा कुठला, हे ओळखू येत नव्हते.

जयभीम.